फिफा सर्वोच्च न्यायालयापेक्षा मोठी आहे का?

ऑगस्ट २०२२मध्ये फिफा या जागतिक फुटबॉल संस्थेने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला अकरा दिवस निलंबित केले होते. त्याचा दाखला देऊन आपण विचारले आहे की, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली समिती झुरिकमधल्या एका खासगी संस्थेने कशी नाकारली आणि आपल्या देशाने ते का मान्य केले. या विषयाकडे मी बरीच वर्षे लक्ष ठेवून आहे. फिफाला जागतिक सरकार समजले, तर हा प्रकार अनाकलनीय वाटतो. ती सदस्यांची संस्था आहे हे ध्यानात घेतले की तो बराचसा उलगडतो.

कायद्याच्या दृष्टीने फिफा ही स्वित्झर्लंडच्या नागरी संहितेनुसार चालणारी संस्था आहे. २१ मे १९०४ रोजी पॅरिसमध्ये ती स्थापन झाली आणि आज तिचे २११ सदस्य आहेत. हे सदस्य म्हणजे देश नव्हेत, तर तिथल्या फुटबॉल संघटना. म्हणूनच इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना चार स्वतंत्र जागा आहेत आणि हाँगकाँगचा संघ चीनपासून वेगळा खेळतो. भारत सरकार फिफाचे सदस्य कधीच नव्हते. १९३७मध्ये स्थापन झालेला आपला महासंघ १९४८मध्ये सदस्य झाला. सदस्यत्वाबरोबर प्रत्येक संघटना काही अटी स्वीकारते. त्यांतली कळीची अट अशी की, संघटनेने आपला कारभार स्वतंत्रपणे चालवावा आणि त्यात त्रयस्थाचा हस्तक्षेप होऊ देऊ नये. हा त्रयस्थ मंत्री असो वा न्यायालय, नियम एकच आहे, आणि हस्तक्षेपात संघटनेचा स्वतःचा दोष नसला तरीही तिच्यावर कारवाई होऊ शकते. हे कलम कठोर आहे, पण ते सदस्यांच्याच नियमावलीत आहे.

आता २०२२चा घटनाक्रम पाहू. प्रफुल्ल पटेल २००९पासून महासंघाचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या कार्यकारिणीची मुदत डिसेंबर २०२०मध्ये संपली होती. परंतु महासंघाच्या घटनेचा वाद न्यायालयात प्रलंबित असल्याचे कारण देऊन निवडणूक घेतली गेली नाही. १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यकारिणी दूर केली आणि निवृत्त न्यायमूर्ती अनिल दवे, माजी निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांच्या प्रशासकीय समितीकडे कारभार सोपवला. ऑगस्टच्या सुरुवातीला न्यायालयाने ज्या निवडणुकीला संमती दिली, तिच्या मतदारयादीत राज्य संघटनांच्या प्रतिनिधींबरोबर ३६ माजी खेळाडूंचाही समावेश होता. फिफाचा आक्षेप इथेच होता : मतदार या नात्याने व्यक्ती नकोत, आणि दैनंदिन कारभार पुन्हा महासंघाच्या हाती जायला हवा. १५ ऑगस्टला निलंबनाचा निर्णय झाला. २२ ऑगस्टला न्यायालयाने समितीचे काम संपवले आणि २६ तारखेला निलंबन उठल्याचे जाहीर झाले.

येथे नेमके काय झाले, हे नीट पाहिले पाहिजे. फिफाने न्यायालयाचा आदेश रद्द केला नाही. तसा अधिकार तिला नाही. तिने फक्त सांगितले की या परिस्थितीत तुमचे सदस्यत्व स्थगित राहील. न्यायालय आपल्या भूमिकेवर ठाम राहू शकले असते, परंतु निलंबित सदस्याबरोबर इतर कोणत्याही सदस्याला खेळता येत नाही आणि ती किंमत लगेच दिसू लागली होती. आशियाई महिला क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या खेळाडूंना एकही सामना न खेळता परतावे लागले. सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबई येथे व्हायची होती, तीही ठरल्याप्रमाणे भारतात घेता येणार नाही असे फिफाने कळवले होते. निलंबन उठल्यामुळेच मडगावच्या फातोर्डा मैदानावर ते सामने झाले आणि ३० ऑक्टोबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनने कोलंबियाला १–० असे हरवून विजेतेपद मिळवले. ज्या मुलींचा या वादाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांचीच संधी पणाला लागली होती, याचे मला आजही वाईट वाटते.

फिफाचे बळ तिच्या रचनेतही आहे. तिच्या सर्वोच्च सभेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, प्रत्येक सदस्याला एकच मत असते; सुमारे पाच हजार वस्तीच्या मॉन्टसेराट बेटाचे मत जर्मनीच्या मताइतकेच मोलाचे. त्यामुळे अध्यक्षपदाची निवडणूक मोठ्या फुटबॉल राष्ट्रांपेक्षा आफ्रिका, आशिया आणि कॅरिबियनमधल्या छोट्या संघटनांच्या पाठिंब्यावर ठरते. ब्राझीलच्या जुआंव हावेलांज यांनी १९७४मध्ये इंग्लंडच्या सर स्टॅनली राऊस यांना हरवले, त्यामागेही हेच गणित होते. छोट्या संघटनांचा बराचसा खर्च फिफाच्या विकास निधीतून चालतो. म्हणून समान मताच्या या व्यवस्थेला मी लोकशाही म्हणतो खरे, पण निधीचे वाटप आणि मतांची बांधणी एकाच छपराखाली होते, हा तिचा मोठा दोष मानतो.

फिफा आणि देशोदेशीच्या संघटना यांच्या मध्ये सहा खंडीय महासंघ आहेत. त्यांत दक्षिण अमेरिकेचा सर्वांत जुना, १९१६चा, आणि अवघ्या दहा सदस्यांचा; युरोपचा ५५ सदस्यांचा; आपला आशियाई महासंघ ४७ सदस्यांचा, १९५४मध्ये मनिला येथे स्थापन झालेला, आणि भारत त्याचा संस्थापक सदस्य आहे. विश्वचषकाच्या पात्रता फेऱ्या हे महासंघच घेतात. त्यांची विभागणी नकाशाप्रमाणेच असते असेही नाही : इस्रायल युरोपात खेळतो आणि ऑस्ट्रेलिया २००६पासून आशियात. खेळाचे नियम मात्र यांपैकी कोणीच ठरवत नाही. ते काम १८८६पासूनच्या एका वेगळ्या मंडळाचे आहे, ज्यात चार ब्रिटिश संघटनांचे प्रत्येकी एक आणि फिफाची चार अशी एकूण आठ मते आहेत, आणि बदलासाठी सहा मते लागतात.

आपल्या प्रश्नाचा उरलेला भाग असा की, फिफाला न्यायालय वठणीवर आणूच शकत नाही का? आणू शकते, परंतु त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात फुटबॉलची मोठी बाजारपेठ असावी लागते. युरोपीय न्यायालयाने १९९५मध्ये बेल्जियमचा खेळाडू बोसमान याच्या खटल्यात, करार संपलेला खेळाडू दुसऱ्या क्लबात जाताना जुन्या क्लबाने हस्तांतरण शुल्क मागणे बेकायदा ठरवले आणि जगाचा बाजार बदलला. ऑक्टोबर २०२४मध्ये फ्रान्सचा माजी खेळाडू लासाना दियारा याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने फिफाचे काही हस्तांतरण नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले, आणि फिफाला ते बदलावे लागले. युरोपातल्या क्लबांना वगळून फिफाचा डोलारा उभा राहू शकत नाही, भारताला वगळून राहू शकतो. फरक कायद्यात कमी आणि वजनात जास्त आहे.

मला खरी खंत त्या ३६ खेळाडूंविषयी आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा फक्त संघटनांच्या प्रतिनिधींनी मतदान केले. कल्याण चौबे यांना ३३ मते मिळाली आणि भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतियाला एक. स्वायत्ततेच्या ज्या नियमाने मंत्र्यांना दूर ठेवायचे, त्याच नियमाने खेळाडूही मतपेटीपासून दूर राहिले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये मंजूर केलेल्या महासंघाच्या नव्या घटनेत माजी खेळाडूंना सर्वसाधारण सभेत स्थान मिळाले आहे.