मायचं वय लिही

भाऊ,

तुझं लांबलचक पत्र वाचलं. डाळमिल बंद पडली, अण्णा ५५ चे, नोकरी वीस वर्षांच्या वर, आणि जळगावचा एजंट म्हणतो, "पेन्शन आत्ताच काढा." अण्णांची शुगर लिहिलीस, घराचा हप्ता लिहिलास. मायचं वय मात्र कुठे नाही. तिथेच माझं डोकं फिरलं.

पीएफचं हे १९९५ च्या योजनेतलं पेन्शन नोकरी सुटल्यावर पन्नाशीनंतर काढता येतं. पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कायमचे कापतात. ६० पर्यंत थांबलं तर तसेच वाढतात. समज, ५८ ला ६,००० बसतं. आज काढलं तर ५,३०० च्या आसपास. एजंटचा हिशेब खोटा नाही. तीन वर्षांत येणारे एक लाख नव्वद हजार थांबून भरून काढायला अण्णांना ऐंशी गाठावी लागेल, आणि या पेन्शनला महागाई भत्ताही नाही.

पण हिशेब अण्णांपाशी संपतो का? त्यांच्यामागे मायला निम्मं मिळणार, तेही कापलेल्याचं निम्मं. साडेतीनशेचा फरक तुझं पुण्यातलं चहापाणी असेल; तिचं ते महिन्याचं तेल आहे. म्हणून म्हणतो, मायचं वय लिही.

आमच्या नानांनी, माझ्या भावानं, गिरणी बंद पडताच पन्नाशीत फॉर्म भरला. मी भांडलो, ऐकलं नाही. आता नानांमागे वहिनीच्या खात्यात किमान पेन्शनचे हजार रुपये येतात. "मना नशीबमा इतलंच व्हतं," म्हणते. मी उठून जातो.

मी स्वतः साठपर्यंत थांबलो. लोक हसले. आमची ही आठ वर्षांनी लहान, मग काय करणार? दोन वर्षं चोपड्याला दुकानात हिशेब लिहिले. ती अजून ऐकवते, "तेव्हा दवाखाना उधारीवर झाला, तो कोणत्या वहीत लिहिला?" ऐकवू दे. मी बरोबरच होतो.

चूलच पेटत नसेल तर उद्याच काढा, उपाशी राहून टक्के वाढवू नका. पण तुझ्या पगारात तीन वर्षं निघत असतील तर थांबा, कुरकुरू नको. तोवर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठीच्या नोकरीच्या वर्षांचा पीएफ ऑफिसचा दाखला, घेऊन ठेव. पीएफ, आधार, बँक, तिन्हीकडे मायचं नाव एकसारखं आहे का बघ. आपल्याकडे एकीकडे नुसतं नाव, दुसरीकडे 'बाई' लावलेलं असतं. एजंटला पैसे देऊ नको. अडलं तर रविवारी ये, कागद घेऊनच.

तुझा काका