पाणी यायच्या आधी कुणाला भेटायचं
शिरोळ तालुक्यात पुराच्या तयारीचं काम पहिल्यांदाच करतोयस, म्हणून सांगतो. सरपंचांना भेटच, पण आधी हलवायच्या माणसांची यादी गावच्या आशा सेविका ताईंकडून घे. कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचे दिवस भरत आलेत, सगळं त्यांना तोंडपाठ. दूध संस्थेच्या सचिवाला मात्र विसरू नकोस. जनावरांची सोय लागल्याशिवाय माणसं घर सोडत नाहीत. २०१९ च्या पुरात एक आजी म्हशीचं दावं मुठीत धरून ओसरीवर बसून राहिली होती. माझं ऐकेना. सचिव म्हणाला, "म्हस माझ्या गोठ्यात बांधतो," तेव्हा उठली. बैठक मे महिन्यातच घे, संध्याकाळच्या धारा झाल्यावर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका. पण तेव्हा आपल्या गावात पाणी कुठल्या पायरीला लागतं, ते पोलीस पाटलांच्या तोंडून येऊ दे. आणि चहाला नाही म्हणू नकोस.