पहिल्या सेशनआधी थेरपिस्टला काय काय विचारायचं?

प्रश्न: ताई, खूप टाळून टाळून शेवटी एका प्रायव्हेट थेरपिस्टची अपॉइंटमेंट घेतलीये, पुढच्या आठवड्यात पहिलं सेशन. फोनवर त्यांनी फी आणि वेळ सांगितली, मलाही काही विचारायचं सुचलं नाही. आता सारखं डोक्यात येतंय, त्या खरंच शिकलेल्या असतील ना, माझं बोलणं बाहेर गेलं तर, किती महिने चालणार आणि नाहीच पटलं तर? एवढं विचारलं तर त्यांना राग येईल का?

उत्तर: नाही येणार, आणि आलाच तर तिथे पुढे जायचं की नाही हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं म्हणायचं. पहिलं सेशन दोघांनी एकमेकांना जोखायचंच असतं, त्यामुळे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि तो कागद बिनधास्त समोर धरून वाचा, कारण तिथे बसल्यावर निम्मं आठवत नाही.

सगळ्यात आधी शिक्षण. ‘थेरपिस्ट’ ही पाटी बऱ्याच देशांत कोणीही लावू शकतं, म्हणून डिग्री कुठली, रजिस्ट्रेशन कुठे आणि नंबर काय हे विचारा आणि नंबर स्वतः तपासा. हे प्रायव्हेटमध्ये जास्त महत्त्वाचं, कारण हॉस्पिटलमध्ये वर कोणीतरी हेड असतो, इथे बंद खोलीत तुम्ही दोघंच, तक्रार करायची वेळ आली तर ती रजिस्ट्रेशन देणाऱ्या संस्थेकडेच. सुपरव्हिजन घेता का हेही विचारा, म्हणजे अवघड केसबद्दल नाव न सांगता एखाद्या सीनियरशी बोलता का. चांगले थेरपिस्ट हे आनंदाने सांगतात. आणि औषधं लागतील असं वाटत असेल तर त्यासाठी सायकिअॅट्रिस्ट, ते डॉक्टर असतात, थेरपिस्ट सहसा औषधं देत नाहीत.

तुमचं बोलणं गुप्त राहतं, पण शंभर टक्के नाही, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलावर अत्याचार, कोर्टाचा आदेश, अशा वेळी थेरपिस्टला बोलावं लागू शकतं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने तारासॉफ खटल्यात सांगितलं की पेशंटकडून कोणाला गंभीर धोका असेल तर त्या व्यक्तीचं रक्षण व्हावं म्हणून थेरपिस्टने योग्य ती पावलं उचलायलाच हवीत. नियम प्रत्येक देशात वेगळे, म्हणून सरळ विचारा, ‘तुम्ही कधी आणि कोणाला सांगाल? नोट्स कोण बघतं? ऑनलाइन सेशन रेकॉर्ड होतं का?’ फी इन्शुरन्समधून जाणार असेल तर तुमच्या आजाराचं निदान इन्शुरन्स कंपनीला कळू शकतं, तेही लक्षात घ्या.

किती दिवस चालणार हे पद्धतीवर आहे. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), जी अमेरिकन सायकिअॅट्रिस्ट एरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडली, तिच्यात विचार आणि सवयींवर काम होतं, घरी करायला होमवर्क असतो आणि साधारण ६ ते २० सेशन्स लागतात. जुन्या नात्यांच्या मुळाशी जाणारी थेरपी वर्षानुवर्षंही चालते. म्हणून नुसतं ‘किती वेळ लागेल’ विचारू नका, ‘माझी झोप गेलीये, माणसं टाळतेय, यावर तुम्ही काय कराल आणि फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवायचं’ असं विचारा. पैशांचंही आधीच बोला, साधारण ५० मिनिटांचं सेशन असतं आणि २४ किंवा ४८ तास आधी न कळवता रद्द केलं तर बरेच जण पूर्ण फी घेतात.

आता नाही पटलं तर. अमेरिकन सायकॉलॉजिस्ट एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये लिहिलं होतं की थेरपिस्टबरोबरचं काम तीन गोष्टींवर उभं असतं, कुठे पोचायचंय यावर एकमत, कसं पोचायचं यावर एकमत आणि आपसातला विश्वास. तीन-चार सेशन्सनंतर स्वतःला हेच विचारा, आणि कुठे अडतंय ते त्यांच्याच तोंडावर सांगा, त्या कसं ऐकून घेतात त्यावरून बरंच कळतं. सुरुवातीला रडू येणं, दोन दिवस जड जाणं होतं, त्याला घाबरू नका. पण अपमान वाटायला लागला, त्या स्वतःचीच रडगाणी सांगायला लागल्या, बाहेर भेटू म्हणाल्या, धंद्याची ऑफर दिली किंवा डॉक्टरांची औषधं बंद करा म्हणाल्या तर लगेच थांबा, कारण देत बसायची गरज नाही. शारीरिक जवळीक तर कुठल्याही सबबीखाली चालत नाही.

आणि एक राहिलंच, दोन सेशन्सच्या मध्ये खूप त्रास झाला तर फोन करायचा का, कोणाला, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. एकटीने प्रॅक्टिस करणारी व्यक्ती रात्री दोनला फोन उचलेलच असं नाही. जीव द्यायचे विचार येत असतील तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, आजच घरातल्या कोणाला तरी सांगा आणि इमर्जन्सीत जा.