सुतारकामाचं कंत्राट : भावाआधी मोजमाप ठरवा

सुतारकाम कंत्राटदाराला देताना पडलेले पाच प्रश्न वाचकांनी पाठवले आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : सात फूट उंच, सहा फूट रुंद, दोन फूट खोल असं तीन पल्ल्यांचं कपाट करून घ्यायचं आहे. एक कंत्राटदार मालासकट चौरस फुटाचा भाव सांगतो. दुसरा फक्त मजुरी घेणार आहे, पण अठरा मिलिमीटर प्लायची आठ शीटं आणून द्या म्हणतो. कोणता भाव स्वस्त?

उत्तर : या घडीला सांगता येणार नाही, कारण दोघांची मापं वेगळी आहेत. पहिल्याला विचारा, चौरस फूट कशाचे? नुसती दर्शनी बाजू धरली तर ७ गुणिले ६, म्हणजे ४२ चौरस फूट. बाजू आणि आतले कप्पे वेगळे मोजणार असेल तर भाव कमी दिसतो आणि बिल फुगतं. ‘दर्शनी माप, आतल्या सगळ्या कामासह’ एवढी ओळ कागदावर आली की अर्धे वाद मिटतात.

दुसऱ्याची आठ शीटं आता मोजून पाहू. शीट ८ बाय ४ फुटांचं, म्हणजे ३२ चौरस फूट. चार उभ्या फळ्या ५६, वरची आणि खालची फळी मिळून २४, दोन बाय दोनचे नऊ कप्पे ३६ आणि पल्ले ४२. बेरीज १५८ चौरस फूट, म्हणजे क्षेत्रफळानं पाच शीटं. पण प्लाय क्षेत्रफळानं कापला जात नाही. चार उभ्या फळ्यांना दोन शीटं लागतात. वरची-खालची फळी तिसऱ्या शीटातून निघते आणि उरलेल्या तुकड्यात दोन कप्पे बसतात. बाकीचे सात कप्पे चौथ्या शीटात. तीन पल्ल्यांना आणखी दोन शीटं. एकूण सहा, आणि दोन फुटी एक लांब पट्टी उरते. शिवाय पाठीला सहा मिलिमीटरची दोन शीटं. आत ओढायचे खण (ड्रॉवर) किंवा वर माळा असेल तर जास्त माल लागेल हे खरं, पण मग त्याचा कापणीचा नकाशा आधी मागा. नकाशा काढता न येणाऱ्याला मालाचा अंदाजही करता येत नाही.

एक बारकावा. चार फुटी शीट मधोमध कापलं की करवतीच्या पात्यात तीनेक मिलिमीटर जातात, त्यामुळे दोन्ही पट्ट्या पूर्ण दोन फुटांच्या निघत नाहीत. खोली पावणेचोवीस इंच ठरवा. पूर्ण चोवीसचा आग्रह धरलात तर प्रत्येक शीटातून एकच फळी मिळेल.

मालासकट काम देत असाल तर प्लायची जाडी, त्यातला गोंद पाण्यात टिकणारा आहे की फक्त दमटपणा सोसणारा, पाठीची जाडी आणि बिजागऱ्यांची संख्या लिहून घ्या. सात फुटी पल्ल्याला पाच कप-बिजागऱ्या (पल्ल्यात गोल खळगा पाडून आत बसवायच्या बिजागऱ्या) हव्यात. तीनवर भागवलं की वरच्या बिजागरीचे स्क्रू प्लायमधून सुटू लागतात आणि पल्ला खाली उतरतो. पल्ल्याच्या दोन्ही बाजूंना लॅमिनेट आहे का, हेही विचारा. बाहेरून लॅमिनेट आणि आतून नुसता रंग असला तर दोन्ही बाजूंचा दमटपणा सारखा आत-बाहेर होत नाही आणि एवढा उंच पल्ला धनुष्यासारखा वाकतो. तो नंतर कोणत्याही बिजागरीनं सरळ होत नाही.

प्रश्न : दाराच्या चौकटीचं लाकूड घनफुटावर लावलं आहे. आम्ही मोजलं तर बिलापेक्षा कमी भरतं. फसवणूक आहे का?

उत्तर : असेलच असं नाही. तुम्ही रंधा मारल्यानंतरचं माप घेतलं असणार. ५ बाय ३ इंचाचं कापीव लाकूड चारी बाजूंनी रंधून पावणेपाच बाय पावणेतीन होतं. चौकटीला साडेसतरा फूट लाकूड लागलं असेल, म्हणजे दोन खांब सात-सात फुटांचे आणि वरची पट्टी साडेतीन फुटांची, तर कापीव मापानं १७.५ × ५ × ३ भागिले १४४, म्हणजे १.८२ घनफूट. रंधलेल्या मापानं तेच १.५९ भरतं. जवळपास तेरा टक्क्यांचा फरक. कापीव माप लावणं चूक नाही, कारण तेवढं लाकूड खरोखर लागलेलं असतं. मात्र ते भाव ठरवतानाच बोललं गेलं पाहिजे.

घनफुटापेक्षा जास्त लक्ष ओलाव्याकडे द्या. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आणि जाडीत आटतं, आणि कापलेल्या टोकाला दिसणारी वाढ-वर्तुळं ज्या दिशेनं धावतात त्या दिशेला सर्वांत जास्त. म्हणून ओल्या लाकडाच्या चौकटीचे सांधे उघडतात. ओलावामापक मीटर घरातल्या एखाद्या जुन्या लाकडी वस्तूवर लावून आकडा बघा. नव्या लाकडाच्या आणि त्या आकड्यात दोन-तीनपेक्षा जास्त फरक नसावा. मीटर लाकडाच्या मधल्या भागात टोचा, कारण टोकं आधी वाळतात आणि खोटा दिलासा देतात.

प्रश्न : चौकट बरोबर बसली आहे की नाही, हे गवंडी ती पक्की करण्याआधी कसं ओळखायचं? कंत्राटदार म्हणतो कर्ण सारखे आहेत, म्हणजे झालं.

उत्तर : कर्ण सारखे असले म्हणजे कोपरे काटकोनात आहेत एवढंच कळतं. चौकटीला पीळ आहे का, म्हणजे तिचा एखादा कोपरा बाकीच्यांच्या सपाटीतून पुढे-मागे गेला आहे का, ते त्यातून कळत नाही. आणि दार अडकतं ते बहुतेक वेळा पिळामुळेच.

पीळ बघायला दोन दोऱ्या लागतात. एक वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, दुसरी उलट, दोन्ही चौकटीच्या एकाच तोंडावर आणि ताणून. मध्यावर त्या एकमेकींना जेमतेम शिवल्या पाहिजेत. दोरी जर दुसरीला दाबत असेल तर ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून वरची दोरी खाली घेऊन पुन्हा बघा. मध्यात तीन मिलिमीटरची फट असेल तर एक कोपरा सहा मिलिमीटर पुढे किंवा मागे आहे. अशा चौकटीत पल्ला वर टेकतो आणि खाली उघडा राहतो, किंवा याच्या उलट.

त्यानंतर प्रत्येक खांबाला दोन तोंडांवर ओळंबा लावा. खालच्या टोकाला आडवी पट्टी ठोकलेली आहे ना, ते बघा. तीच नसेल तर कर्णाचं मापही विश्वासाचं नाही. भिंतीचा दाब खांबाला मध्यात आत ढकलतो, म्हणून वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी आतली रुंदी मोजा. भिंतीला टेकणारी बाजू आधीच प्रायमर किंवा वाळवीरोधक लावून घ्या, नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

प्रश्न : वरच्या मजल्याच्या लाकडी तुळया आठ इंच उंचीच्या आहेत. नळाचा पाइप नेण्यासाठी कंत्राटदार त्यांच्या खालच्या बाजूला दोन इंचांची खाच घेऊ पाहतो. चालेल?

उत्तर : नाही, काम थांबवा. तुळईची ताकद उंचीच्या वर्गावर ठरते. आठाची सहा इंच झाली की ३६ भागिले ६४, म्हणजे ताकद ५६ टक्क्यांवर येते. खालच्या बाजूला ताण असतो, त्यामुळे खाचेच्या कोपऱ्यातून चीरही निघते.

रूढ नियम असा : खाच उंचीच्या सहाव्या भागापेक्षा खोल नको आणि तुळईच्या मधल्या तिसऱ्या भागात तर मुळीच नको. पाइपला भोक पाडणं बरं, कारण उंचीच्या मध्याजवळ ताण आणि दाब दोन्ही कमी असतात. भोक उंचीच्या तिसऱ्या भागाच्या आत, म्हणजे इथे अडीच इंचांपर्यंत, आणि वरच्या-खालच्या कडेपासून दोन-दोन इंच दूर. त्यात पाइप मावत नसेल तर पाइपचा मार्ग बदला. छपराच्या कैचीचा, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचा, तर कोणताही भाग अभियंत्याला विचारल्याशिवाय कापू देऊ नका.

प्रश्न : अर्धे पैसे आगाऊ मागतात. द्यावेत का?

उत्तर : तारखेवर नव्हे, टप्प्यावर द्या : माल जागेवर आल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर, पल्ले बसल्यावर. दहा टक्के शेवटपर्यंत हातात ठेवा आणि प्रत्येक खण, पल्ला, कुलूप स्वतः उघडून-मिटून बघितल्यावरच द्या. मधे काही बदल सांगितलात तर त्याचा खर्च आणि वाढणारे दिवस त्याच दिवशी लिहून दोघांनी सही करा. आणि काम देण्याआधी त्याचं वर्षभरापूर्वीचं काम बघून या. दमट आणि कोरडे असे दोन्ही मोसम सोसलेल्या पल्ल्यांच्या फटी अजून सारख्या असतील, तर त्याच्या लाकडाचा आणि हाताचा भरवसा धरता येतो.