खोड हिरवं, पानं तपकिरी

प्रश्न: माझा मुलगा चौथीत आहे, चित्रकलेची खूप आवड. पण झाड काढलं की खोड हिरवं आणि पानं तपकिरी करून ठेवतो. बाई म्हणतात लक्ष नसतं, मीपण दोनदा ओरडले. परवा आई सांगत होती की माझ्या बाबांनाही टोमॅटो पिकलाय की कच्चा ते कळायचं नाही, तिला विचारायचे. हे त्यांच्याकडून आलंय का? माझं काही चुकलं का? बरं होईल ना?

उत्तर: ताई, तुमचं काही चुकलेलं नाही आणि पोराचं तर अजिबातच नाही, त्यामुळे ओरडणं आजपासून बंद. तुम्ही लिहिलंय त्यावरून लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा वाटतोय, पण खात्री डोळ्यांच्या डॉक्टरकडेच होईल. इशिहारा टेस्ट म्हणतात, रंगीत ठिपक्यांमध्ये लपलेला आकडा ओळखायचा, दुखत-खुपत काही नाही.

होतं काय, डोळ्याच्या पडद्यावर साधारण ६० लाख शंकूपेशी असतात, तीन प्रकारच्या, आपण सोयीसाठी निळ्या, हिरव्या, लाल म्हणू. गंमत म्हणजे एकट्या पेशीला रंग कळतच नाही, आपल्यावर उजेडाचा परिणाम किती झाला एवढंच ती कळवते, मग तिन्हींच्या निरोपांची तुलना होते आणि त्या तुलनेतून मेंदू रंग ठरवतो. त्यात हिरव्या आणि लाल पेशी मुळातच एकमेकींच्या जवळ, एक ५३० नॅनोमीटरच्या आसपासच्या उजेडाला जास्त जागी होते आणि दुसरी ५६० च्या, त्यातली एक नसली किंवा थोडी वेगळी असली की तुलना फसते. तुमच्या मुलाला पेटीतले हिरवा आणि तपकिरी हे दोन खडू जवळपास सारखेच दिसत असणार, मग हाताला लागेल तो घेतो बिचारा.

जॉन डाल्टन, अणुसिद्धांतवाला, त्यालाही हेच होतं. १७९४ मध्ये त्याने स्वतःच्या नजरेवर निबंध वाचला, त्याला वाटायचं आपल्या डोळ्यातला द्रव निळा असेल, मेल्यावर तपासा म्हणाला. १८४४ मध्ये तो गेला, तपासलं तर द्रव स्वच्छ! डोळ्यांचे अवशेष मात्र जपून ठेवले होते, त्यातल्या डीएनएवरून १९९५ मध्ये कळलं की हिरव्या पेशींचं रंगद्रव्यच त्याच्याकडे नव्हतं.

या रंगद्रव्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाबांना खरंच हाच रंगांधळेपणा असेल तर त्यांचा एकुलता एक्स तुमच्याकडे आला, तुमचा दुसरा एक्स चांगला म्हणून तुम्हाला त्रास नाही, पण मुलाला आईकडून या दोनपैकी एकच एक्स मिळतो, त्यामुळे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. हे कोणाच्या हातात नसतं हो.

बरं होण्याचं औषध सध्या नाही, रंगीत चष्मे विकतात त्यांनी काही रंगांमधला फरक उठून दिसतो, पण नजर बदलत नाही. त्याचं चित्र मात्र थांबवू नका. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रंगांधळ्या मुलांना काही कोर्सेस बंद होते, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळे कोर्स खुले करायला लावले. रेल्वे इंजिन चालवणं वगैरे काही नोकऱ्या मिळत नाहीत, ते आताच माहीत असलेलं बरं.

प्रत्येक खडूवर रंगाचं नाव लिहून द्या, बाईंना भेटून सांगा की हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहू नका. आणि तुम्हाला सख्खी बहीण असेल तर तिच्या मुलांचीही टेस्ट करून घ्या, बाबांचा तोच एक्स तिच्याकडेही आलेला आहे.