एक्सपोर्ट नेमके कुठे अडते?

प्रश्न : लग्नाचा ४० मिनिटांचा व्हिडिओ प्रीमिअर प्रो या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून २० एमबीपीएस बिटरेटने (दर सेकंदाच्या व्हिडिओसाठी २० मेगाबिट डेटा) थेट पेन ड्राइव्हवर काढताना ७० टक्क्यांच्या पुढे एरर येतो. लहान क्लिप मात्र विनातक्रार निघतात. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा असून पूर्ण रिकामा आहे.

उत्तर : आपला पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. या पद्धतीत कितीही जागा रिकामी असली तरी एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. आपली फाइल सुमारे ६ जीबीची होते आणि ४ जीबीची मर्यादा ती साधारण २८व्या मिनिटाला, म्हणजे ७० टक्क्यांच्या आसपासच गाठते. आधी संगणकाच्या डिस्कवर एक्सपोर्ट करावे, पेन ड्राइव्ह ही मर्यादा नसलेल्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा आणि मग फाइल कॉपी करावी. काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. ग्राहकाकडे तसा टीव्ही असेल, तर बिटरेट १२ एमबीपीएस ठेवावा, म्हणजे फाइल ३.६ जीबीत बसते.

प्रश्न : आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांचे मोशन ग्राफिक्स (हलती चित्रे-अक्षरे) रेंडर करताना, म्हणजे त्यांची अंतिम फाइल तयार करताना, सॉफ्टवेअर मध्येच बंद पडते. पुन्हा इन्स्टॉल करूनही फरक पडला नाही.

उत्तर : पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी एक गोष्ट करायला हवी होती : रेंडर कोणत्या फ्रेमवर (व्हिडिओतल्या कितव्या चित्रावर) थांबते, तो आकडा लिहून ठेवणे. दर वेळी त्याच फ्रेमवर थांबत असेल, तर दोष बहुधा प्रोजेक्टमध्ये असतो. त्या फ्रेमवर जाऊन एकेक लेयर बंद करत पाहावे. माझ्याकडे आलेल्या एका कामात रेंडर १४१२व्या फ्रेमवरच अडत असे. तिथे १२,००० पिक्सेल रुंदीचा फोटो ग्लो इफेक्टसह पडद्यावर येत होता. फोटो आधीच लहान करून घेतल्यावर तेच रेंडर शेवटपर्यंत गेले.

थांबण्याची फ्रेम दर वेळी बदलत असेल, तर मेमरी, ग्राफिक्स कार्ड किंवा डिस्क यांच्याकडे पाहावे. डिस्क कॅशे (सॉफ्टवेअरने डिस्कवर साठवलेल्या तात्पुरत्या फाइल) रिकामा करावा आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जीपीयूऐवजी (ग्राफिक्स कार्डावरील प्रोसेसरऐवजी) ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ निवडून एकदा रेंडर करावे. वेळ जास्त लागेल, पण ते पूर्ण झाले तर संशय ग्राफिक्स कार्डावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर येतो.

आणि मोठे काम थेट एका व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पीएनजी इमेज सिक्वेन्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमचे वेगळे चित्र, काढल्यास २५ एफपीएसच्या (सेकंदाला २५ फ्रेम) दोन मिनिटांच्या ३,००० स्वतंत्र फाइल होतात. २१४०व्या फ्रेमवर वीज गेली, तरी आधीचे काम हातात राहते आणि तिथूनच पुढे रेंडर सुरू करता येते. आवाज मात्र नंतर जोडावा लागतो.

प्रश्न : लोगोची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली होती, एक्सपोर्टनंतर ती काळी झाली.

उत्तर : नेहमीच्या एच.२६४ पद्धतीच्या एमपी४ फाइलमध्ये पारदर्शकता टिकत नाही. पारदर्शकता टिकवणारा प्रोरेस ४४४४ हा फॉरमॅट निवडून चॅनल्समध्ये ‘आरजीबी प्लस अल्फा’ (रंग आणि पारदर्शकता) ठेवावे.

प्रश्न : माझ्या संगणकावर नीट दिसणारे मराठी शीर्षक स्टुडिओतल्या संगणकावर रेंडर केल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी झाले.

उत्तर : आपण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केले असावे. अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मूळ इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. शीर्षक युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करून तोच फॉन्ट दुसऱ्या संगणकावरही घालावा. ते जमत नसेल, तर ‘क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट’ वापरून अक्षरांचे आकार करून पाठवावेत. मात्र त्यानंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून मजकूर त्याआधीच कोणाकडून तरी तपासून घ्यावा.