जुन्या हार्ड डिस्कवरच्या कुलूप दिसणाऱ्या फायली नव्या कॉम्प्युटरवर कशा उघडायच्या?

‘ॲक्सेस डिनाइड’ आलं की ‘ओनरशिप घ्या’ (फाइलची मालकी स्वतःच्या नावावर करा) म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. ओनरशिप घेऊन फक्त परवानगी मिळते. मजकूर एन्क्रिप्टेडच, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारा, राहतो. आयकॉनवर कुलूप (जुन्या विंडोजमध्ये हिरवं नाव) म्हणजे ईएफएस, विंडोजची फायली एन्क्रिप्ट करणारी सोय. नव्या मशीनवर तेच युजरनेम, तोच पासवर्ड ठेवूनही उपयोग नाही, कारण एसआयडी (विंडोज प्रत्येक खात्याला देतं तो ओळख क्रमांक) वेगळा पडतो.

किल्ली जुन्या युजरच्या प्रोफाइलमध्ये असते. ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट असं आत गेलात की क्रिप्टो, प्रोटेक्ट आणि सिस्टमसर्टिफिकेट्स हे फोल्डर सापडतील. एक्सपीत हेच ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये युजरच्या ‘ॲप्लिकेशन डेटा’त असतं. क्रिप्टोमधली खाजगी किल्ली प्रोटेक्टमधल्या मास्टर कीने बंद असते आणि मास्टर की तुमच्या लॉगिन पासवर्डने. म्हणून हे तिन्ही फोल्डर आणि जुना पासवर्ड, यातलं एकही सुटून चालत नाही.

आधी डीडीरेस्क्यू या डिस्क कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब नक्कल) काढा आणि पुढचं सगळं तिच्या प्रतीवर करा. डिस्क टकटक वाजत असेल तर इमेजही काढू नका, डिस्क लगेच बंद करा.

जुनं विंडोज अजून चालू होत असेल तर त्यातच जुन्या पासवर्डने लॉगिन करा. सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये ‘पर्सनल’खालचं ईएफएसचं सर्टिफिकेट खाजगी किल्लीसकट पीएफएक्स (सर्टिफिकेट आणि किल्ली एकत्र ठेवणारी फाइल) म्हणून एक्सपोर्ट करा आणि नव्या मशीनवर इम्पोर्ट करा. फायली सरळ उघडतात. जुनं विंडोज चालू होत नसेल तर एल्कॉमसॉफ्ट कंपनीचं ॲडव्हान्स्ड ईएफएस डेटा रिकव्हरी हे सॉफ्टवेअर वापरा. ते विकत घ्यावं लागतं, आणि पासवर्ड त्यालाही द्यावाच लागतो.

बूट सीडीने पासवर्ड उडवून देणारे दुरुस्तीवाले मला अजिबात पटत नाहीत. लॉगिन होतं, पण मास्टर की जुन्याच पासवर्डने बंद राहते आणि फायली उघडत नाहीत. तसं झालं असेल तर घाबरू नका. जुना पासवर्ड आठवत असेल तर तोच परत ठेवा, बहुतेक वेळा किल्ली पुन्हा चालते.

हे सगळं ईएफएसपुरतं. पूर्ण ड्राइव्हच रिकव्हरी की मागत असेल तर ते बिटलॉकर, विंडोजचं पूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारं. त्याची 48 अंकी की आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शोधा. आणि जुन्या डिस्कवर फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं असेल, तर पुसलेले किल्लीचे फोल्डर इमेजमधून निघतात का तेवढं पाहा. ते मिळाले नाहीत आणि पीएफएक्सचा बॅकअपही नसेल, तर कोणाला पैसे देऊ नका.